देवकाम्ल

नागपूर,
२ डिसेंबर १९५४

ती. मावशीस,

गुलाबचा साष्टांग नमस्कार. पत्राच्या पहिल्याच ओळीत साष्टांग आला म्हणजे पोराचं काहीतरी काम आहे, हे तू ओळखलं असशीलच. आहेच. मला हरभऱ्याची आंब हवी आहे. चमचाभर नव्हे, चांगली अर्धी बाटली.

झालं असं की एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला प्रत्येकाला एक विषय घेऊन स्वतः शोध लावावा लागतो. आमचे डवरे सर मला म्हणाले, "तू आष्टीकडचा ना रे? तुमच्याकडे असं काय आहे जे माझ्या कपाटातल्या बाटल्यांत नाई?" मला आठवली ती आपल्या स्वयंपाकघरातली फळी. लहानपणी पोट दुखलं की तू तिथून शिशी काढायचीस, पाण्यात दोन थेंब टाकायचीस आणि मी डोळे गच्च मिटून तोंड उघडायचो. मी सरांना म्हटलं, आमची मावशी थंडीत पहाटे हरभऱ्यावर फडकं पसरते, ते दवानं भिजलं की पिळते आणि त्या आंबट पाण्याचं औषध करते. सर खुर्चीत सरळ होऊन बसले. म्हणाले, "हाच तुझा विषय."

तर आता मला शोधायचं आहे की त्या आंबट पाण्यात कोणकोणती आम्लं आहेत. पुस्तकात दोन सांगितली आहेत. एक मॅलिक, कच्च्या सफरचंदात असतं ते. दुसरं ऑक्झॅलिक, आंबटचुक्यात असतं ते. ही दोन्ही द्विकार्बोक्सिलिक आम्लं. नाव ऐकून घाबरू नकोस. शिरक्याचं आम्ल पळीसारखं, एका दांड्याचं. ही आम्लं कढईसारखी, दोन कानांची. दोन्ही कानांनी आंबट, एवढाच त्या लांबलचक शब्दाचा अर्थ आहे.

रामाजी शिंपी कापड घ्यायला नागपूरला येतात त्यांच्याबरोबर बाटली पाठव. माझी पुढच्या वर्षीची संशोधनाची जागा ह्याच कामावर ठरणार आहे, म्हणून एवढं लोटांगण घालतो आहे. मावसाजींना नमस्कार.

तुझा
गुलाब


आष्टी,
९ डिसेंबर १९५४

चि. गुलाब यास,

देवकामावशीचे आशीर्वाद. तुझा साष्टांग पोचला. अंगाला धूळ लागली असेल तर झटकून घे.

तुझं पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं. मी सातवी पास असल्याचा ह्या घरात तेवढाच उपयोग आहे. हे म्हणाले, "पोट्टं नागपूरले शिकाले गेलं आन् मांगून काय राह्यलं, तं हरभऱ्याचं पानी. मंग घरीच काऊन नाई राह्यलं?" असं म्हणाले खरं, पण बाटली शोधायला स्वतः माळ्यावर चढले. खोबरेल तेलाची होती. मी राखेनं आणि कढत पाण्यानं घासली, तिला आता तेलाची आठवणही राहिलेली नाही.

लगेच पाठवणार होते, पण मध्येच शेजारच्या बापूरावांच्या मुलीचा साक्षगंध आला. कौशल्याबाईला तू ओळखतोस. स्वतःच्या मुलीचा साक्षगंध आणि बाई नवं लुगडं सांभाळत ओसरीवर बसलेली. साठ माणसांची चिंचवणी मी एकटीनं केली. पाहुणे वाटीवर वाटी मागत होते आणि कौशल्याबाई म्हणत होती, "घ्या नं, आमच्या घरची चिंचवनी अशीच राह्यते." मी पुढची वाटी भरली. तुझी मावशी गुणाची आहे.

त्यानंतर चार पहाटे आंब काढली. फडकं तेच, माझ्या आईच्या, म्हणजे तुझ्या आजीच्या हिरव्या लुगड्याचं. धुऊन धुऊन आता पांढरं झालं आहे. तुला म्हणून सांगते, नवं कापड दव पीत नाही, ते नव्या सुनेसारखं अंग चोरून राहतं. जुनंच लागतं. आंब आपल्या वावरातली आहे. यंदा आपला हरभरा छान आहे.

बाटली रामाजीजवळ दिली आहे. ती तशीच तोंडाला लावू नकोस, दात आंबतील आणि परीक्षेत बोलता येणार नाही.

तुझी
देवकामावशी


नागपूर,
२१ डिसेंबर १९५४

ती. मावशीस,

मी हे पत्र उभ्याने लिहितो आहे, कारण दोन दिवस मला खुर्चीत बसवतच नाही. नीट वाच आणि वाचून झालं की मावसाजींनाही वाचून दाखव.

आधी रीत सांगतो. एका लांब टिपकागदाच्या खालच्या कडेला तुझ्या आंबेचा एक थेंब ठेवायचा. त्याच्या शेजारी ओळीनं आमच्या ओळखीच्या आम्लांचे थेंब. मग काचेच्या उंच बरणीत तळाशी थोडं द्रावण ओतून त्यात हा कागद उभा करायचा. द्रावण कागदातून वर चढतं आणि जाताना आम्लांना बरोबर नेतं. काही आम्लं लांब जातात, काही थोड्यात थकतात. शेवटी कागद वाळवून निळा रंग फवारला की जिथे जिथे आम्ल थांबलं तिथे पिवळा ठिपका उमटतो. ओळखीचा ठिपका ज्या उंचीवर, त्याच उंचीवर आपला ठिपका, म्हणजे आम्ल तेच.

तुझ्या आंबेचे किती ठिपके आले असतील? पुस्तकाप्रमाणे दोन यायला हवेत. आले तीन.

एक मॅलिकच्या उंचीवर, एक ऑक्झॅलिकच्या. आणि तिसरा कोणाच्याच उंचीवर नाही. मी मॅलोनिक लावून पाहिलं, सक्सिनिक लावून पाहिलं, सायट्रिक लावलं. कोणाशीच जुळत नाही. एक टार्टरिक तेवढं राहिलं, कारण कपाटातली बाटली रिकामी निघाली. गॅदरिंगच्या दिवशी आमच्याच वर्गानं ते खायच्या सोड्यात मिसळून फसफसणारं सरबत केलं होतं. मीच दोन ग्लास प्यायलो. नवी बाटली मुंबईहून यायला फेब्रुवारी उजाडेल. पण सर म्हणाले, हरभऱ्यात टार्टरिक कोणालाही सापडलेलं नाही, त्याची वाट कशाला पाहायची.

मावशी, आता खरं सांग. ही आंब नेमकी कोणत्या वावरातली? तिथे वेगळं काय आहे? मनात काही ठेवू नकोस. माणसापासून गोष्ट लपते, कागदापासून लपत नाही.

तुझा
गुलाब


आष्टी,
२७ डिसेंबर १९५४

चि. गुलाब यास आशीर्वाद.

आंब आपल्याच वावरातली आहे. आपलं वावर म्हणजे आपलं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

तुझ्या त्या कागदावर आम्लाबरोबर पटवाऱ्याचा नकाशाही उमटतो का, ते मात्र कळव. सहज विचारते आहे.

इथे थंडी फार आहे. ह्यांना खोकला आहे. बाकी लिहिण्यासारखं काही नाही.

देवकामावशी


नागपूर,
२ जानेवारी १९५५

ती. मावशीस,

तुझं पत्र एवढंसं का? मावसाजींचा खोकला वाढला का? काळजी वाटते. पण माझ्याकडची बातमी ऐकलीस तर खोकलासुद्धा थांबेल.

उरलेल्या आंबेचा मी एस्टर केला. म्हणजे काय, तर आम्ल स्पिरिटात घालायचं, दोन-चार थेंब गंधकाचं तेजाब टाकायचं आणि मंद उकळायचं. आम्लाच्या दोन्ही कानांत दारूचा एकेक डूल अडकतो आणि तेवढंच पाणी बाहेर पडतं. डूल घातले की आम्लाचा स्वभाव पालटतो. आंबटपणा जातो आणि गोड वास सुटतो. मावशी, काय वास होता. पिकलेल्या बोरांच्या टोपलीत थोडा गूळ पडला असावा तसा. शेजारच्या वर्गातली मुलं दारात येऊन उभी राहिली. शिपाई म्हणाला, "गुलाबभाऊ, अत्तर बनवून राह्यले का?"

पण सगळ्या आम्लांचे डूल एकाच डबीत पडले. तिसऱ्याचा एस्टर वेगळा गाळून घ्यायला आंबच उरली नाही, तळाशी चार थेंब तेवढे आहेत. म्हणून अजून एक बाटली हवी आहे. त्याच वावरातली, त्याच तुकड्यातली. हे फार महत्त्वाचं आहे. जरा इकडचं तिकडे झालं तरी कागद लगेच सांगेल.

आणि आता बस. खाली बस. सर म्हणाले, नव्या आम्लाला नाव लागतं आणि ते शोधणाऱ्यानं द्यायचं असतं. मी म्हटलं, सर, मी फक्त ठिपका पाहिला, आंब मावशीनं काढली. तर नाव ठरलं आहे देवकाम्ल. २३ तारखेला इथे मोठी शास्त्रीय परिषद आहे, कलकत्त्याहून आणि मुंबईहून माणसं येणार आहेत. त्यांच्यासमोर मी ते वाचणार आहे.

तुझा
गुलाब


आष्टी,
८ जानेवारी १९५५

चि. गुलाब यास,

अनेक अनेक आशीर्वाद. तुझं पत्र वाचून मी बसलेच, तू सांगायच्या आधीच. आमच्या घरात कोणाच्या नावाची पाटीसुद्धा नाही, आणि माझ्या नावाचं आम्ल.

पण आधी मला एक कबूल करायचं आहे. तुझा कागद खरा निघाला, मी खोटी. आंब आपल्या वावरातली नव्हती. यंदा आपली पेरणी उशिरा झाली, आपला हरभरा अजून वीतभर आहे. धुऱ्यापलीकडे बापूरावांचा हरभरा गुडघ्याला लागतो. तू पहिल्यांदाच काही मागितलं होतंस, तुला नाही कसं म्हणू? चारही दिवस अंधारातच गेले, फडकं पसरलं, पिळलं आणि उजाडायच्या आत घरी. पुढे तू लिहिलंस की कागदापासून लपत नाही. मला वाटलं, झालं, विज्ञानानं चोरी पकडली. दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

आता त्याच तुकड्यातली आंब हवी म्हटल्यावर जाऊन सांगणं भागच होतं. कौशल्याबाईच्या ओसरीवर गेले आणि सगळं ओकले. वाटलं होतं ती गाव गोळा करेल. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "देवकाबाई, हरभरा कोनाचा?"

"तुहा."

"वावर कोनाचं?"

"तुह्यंच."

"मंग त्या आम्लाले नाव तुह्यं काऊन? माह्यं पायजे."

झालं. दोन दिवस गावात दुसरा विषय नाही. मी म्हणते हात माझा, फडकं माझं, भाचा माझा. ती म्हणते झाड माझं, दव माझ्या वावरात पडलेलं. बाजाराच्या दिवशी भाजीवालीसुद्धा मला विचारत होती की निकाल काय लागला. ह्यांनी खोकत खोकत तोड सुचवली, "आर्धं नाव हिचं, आर्धं तिचं ठेवा." तर दोघीही ह्यांच्यावर उलटलो.

शेवटी ठरलं असं, की दुसरी बाटली तिनं आणि मी बरोबर काढायची. तिनं अट घातली, फडकं तिचं. रामाजीकडून कोरं धोतर फाडून आणलं, दोनदा उकळलं, तेव्हा कुठे ते दव प्यायला लागलं. तिला वाटतं त्यामुळे अर्धं आम्ल तिचं झालं. बाटलीवर चिठ्ठी मात्र मीच चिकटवली आहे.

एक गोष्ट मात्र आवडली नाही. माझ्या आंबेत तू दारू घातलीस. डूल म्हण नाहीतर काही म्हण. आपल्या घरात कोणी शिवलेलं नाही आणि आंबेच्या दोन्ही कानांत तू दारू अडकवलीस. वास गोड आला म्हणून ह्या वेळी सोडते.

तुझी
देवकामावशी


नागपूर,
१५ जानेवारी १९५५

ती. मावशीस,

दुसरी बाटली मिळाली. तिच्यात दोनच ठिपके आले.

मी तीन वेळा कागद लावला. तिन्ही वेळा दोनच. देवकाम्ल नाही. मी सरांकडे गेलो तेव्हा माझा चेहरा पाहून त्यांनी आधी पाण्याचा ग्लास पुढे केला. पण त्यांचा उत्साह कमी झालेला नाही. त्यांचं म्हणणं, झाडाच्या कोवळेपणी हे आम्ल तयार होत असेल आणि घाटे धरले की संपत असेल. तसं असेल तर शोध अजूनच मोठा. पहिल्या बाटलीचा कागद जपून ठेवलेला आहे, त्यावर तिसरा ठिपका लख्ख आहे. तो दाखवून २३ तारखेला वाचायचंच, असं ते म्हणाले.

परिषदेची पत्रिका छापून झाली, सोबत पाठवतो. आठव्या ओळीत बघ. "हरभऱ्याच्या आंबेतील नवीन आम्ल : देवकाम्ल." आणि खाली माझं नाव. मी ती ओळ इतक्यांदा वाचली आहे की पत्रिकेला तिथे घडी पडली.

तू नागपूरला ये. पहिल्या रांगेत तुझी खुर्ची मी धरून ठेवतो. येताना आठवून ये, पहिल्या आणि दुसऱ्या आंबेत फरक काय होता? थंडी, दव, दिवस, काहीही. लोक विचारतील तेव्हा सांगता आलं पाहिजे.

तुझा
गुलाब


तार
आष्टी, २० जानेवारी १९५५

फडक्यात चिंच होती. तिसरे आम्ल चिंचेचे. वाचू नकोस. देवका


आष्टी,
२० जानेवारी १९५५

चि. गुलाब यास आशीर्वाद.

तार मिळाली असेल. पोस्टमास्तर म्हणाले, जन्म, मरण आणि लग्न ह्यांच्या तारा पाहिल्या, चिंचेची तार पहिल्यांदाच जाते आहे.

तुझी पत्रिका आल्यावर रामाजीनं ती चौकात मोठ्यानं वाचली. ह्यांनी कोट उन्हात घातला. मी पेटी भरायला घेतली. वाटलं, आईचं फडकंही बरोबर न्यावं, त्या कलकत्त्याच्या माणसांना दाखवावं की पाहा, ह्यानं काढली. घडी घालताना काठाची दुमड हाताला कडक लागली. दुमड उलगडली तर आत तांबूस रेघ. जिभेला लावून पाहिली. आंबट.

आणि मग मला कौशल्याबाईच्या मुलीचा साक्षगंध आठवला. साठ माणसांच्या चिंचवणीसाठी चिंचेचा कोळ मी ह्याच फडक्यातून गाळला होता. दुसरं गाळायला घेतच नाही मी, आईच्या फडक्यासारखं काही गाळत नाही. नंतर सात पाण्यांनी धुतलं होतं, वाळवलं होतं, वरून पांढरं शुभ्र. पण शिवणीच्या आत कोण पाहतं? दोन दिवसांनी तेच हरभऱ्यावर पसरलं. दुसऱ्या बाटलीच्या वेळी फडकं कौशल्याबाईचं होतं, म्हणून तिसरा ठिपका आला नाही. तू वावर विचारत राहिलास, मी वावर लपवत राहिले, आणि फडक्याचं दोघांच्याही मनात आलं नाही.

गुलाब, मी चांगली तासभर पेटीवर बसून राहिले. खोटं कशाला लिहू, मनात आलं की गप्प बसावं. त्या शिवणीतलं कोणाला कळणार होतं? पत्रिकेत माझं नाव छापलेलं. ह्या गावात कोणत्याही बाईचं नाव कुठे छापलेलं मी पाहिलेलं नाही. मला ते हवं होतं. फार हवं होतं. मी रडलेसुद्धा.

मग तू आठवलास. पोट दुखायचं तेव्हा डोळे मिटून तोंड उघडायचास. शिशीत काय आहे हे कधी विचारलं नाहीस, मावशीनं दिलं म्हणजे ठीक असणार. आताही तसंच डोळे मिटून तू सगळ्या लोकांपुढे उभा राहणार होतास. माझ्या चुकीचं पाणी मी तुला कसं पाजू? उठले आणि तशीच पोस्टात गेले.

तुझी जागा ह्यामुळे गेली असेल तर मला शिव्या दे. पण वाचू नकोस.

मी येत नाही. कोट ह्यांनी परत पेटीत ठेवला.

तुझी
देवकामावशी


नागपूर,
२४ जानेवारी १९५५

ती. मावशीस,

काल रविवारी परिषद झाली. आता क्रमानं सांगतो, मध्येच शेवट वाचायला जाऊ नकोस.

तुझी तार शुक्रवारी दुपारी होस्टेलवर आली. तार म्हटल्याबरोबर मेसच्या आचाऱ्यानं भाजी उतरवली आणि डोळ्यांना उपरणं लावलं. मी तार वाचली आणि त्यालाच विचारलं, "महाराज, चिंच आहे का?" त्याला वाटलं, पोराला दुःखानं वेड लागलं. त्यानं मूठभर चिंच दिली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. ती मूठ घेऊन मी कॉलेजपर्यंत पळत गेलो.

चिंचेतलं आम्ल म्हणजेच टार्टरिक. तेच, जे आम्ही सरबतात पिऊन टाकलं होतं. तेही दोन कानांचंच. बरणीत कागद लावला. एक थेंब पहिल्या बाटलीच्या तळाशी राहिलेल्या आंबेचा, शेजारी एक मेसच्या चिंचेचा. शनिवारी सकाळी रंग फवारला. तिसरा ठिपका आणि चिंचेचा ठिपका एका रेषेत. पट्टी लावून पाहिली, केसाचा फरक नाही. मी हसायला लागलो, मावशी. इतका हसलो की सर धावत आले.

त्यांनी कागद पाहिला, तार वाचली. कागद खिडकीपाशी नेऊन स्वतः पुन्हा पट्टी लावली. मग म्हणाले, "चूक तुझ्या मावशीची नाई आणि तुझीही नाई. माझी आहे. फडकं आधी नुसत्या पाण्यात भिजवून ते पाणी तपासायचं, ही कोरी चाचणी. पहिल्या वर्षाच्या पोरांना मी शिकवतो. नव्या आम्लाच्या नादात मीच विसरलो." मी विचारलं, मग उद्या काय वाचायचं? ते म्हणाले, "जे झालं ते."

शनिवारी दुपारी तुझं पत्रही हाती आलं होतं, तर काल मी जे झालं ते वाचलं. साक्षगंध, चिंचवणी, फडकं, सात पाणी, दोन बाटल्या, तार. बापूरावांच्या वावराचं तेवढं गाळलं. सभागृहात आधी हशा पिकला. मग मी कागद वर धरला. कलकत्त्याचे एक म्हातारे शास्त्रज्ञ उठले आणि त्यांनी विचारलं, फडकं नक्की किती वेळा धुतलं होतं? मी म्हटलं, सात. ते म्हणाले, मग ही पद्धत उत्तम आहे, सात धुण्यांनंतरची चिंच तिनं पकडली. टाळ्या पडल्या. पण ते खाली बसले नाहीत. म्हणाले, तार करणाऱ्या बाईंना माझा नमस्कार कळवा, मी चाळीस वर्षांत अशी तार पाहिली नाही. पुन्हा टाळ्या पडल्या, आधीपेक्षा जोरात, आणि त्या माझ्यासाठी नव्हत्या. पहिल्या रांगेतली तुझी खुर्ची मी रिकामी ठेवली होती. मला तिच्याकडे बघवेना.

माझी जागा गेलेली नाही. सरांनी आज सकाळी सहीचं पत्र दिलं.

देवकाम्ल मात्र राहिलं नाही. पत्रिकेतली ती ओळ खोडावी लागली. पण आज दुपारी पहिल्या वर्षाचा वर्ग प्रयोगाला आला. सर दारात उभे होते. एक मुलगा घाईनं आपला नमुना कागदावर ठेवायला निघाला, तेव्हा सर त्याला म्हणाले, "थांब. आधी देवका लावली का?" तो गोंधळला. सरांनी भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे त्यांनी स्वतःच्या हातानं पाटी लिहून टांगली आहे. "काहीही तपासण्याआधी देवका लावा. आपण बरोबर काय घेऊन आलो आहोत ते आधी पाहा."

कोऱ्या चाचणीला आमच्याकडे आता हेच नाव आहे. दिवसभरात मी ते निदान वीस वेळा ऐकलं. आम्ल एखाद्याच झाडात सापडतं, मावशी. देवका आता प्रत्येक प्रयोगाच्या आधी लावावी लागणार.

सर म्हणतात, ते फडकं प्रयोगशाळेला मिळेल का?

तुझा
गुलाब


आष्टी,
१ फेब्रुवारी १९५५

चि. गुलाब यास,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मी ह्यांना वाचून दाखवत होते. पाटीपर्यंत आले आणि पुढे वाचता येईना. मग ह्यांनी हातातून घेतलं. हे दुसरीपर्यंतच शिकलेले, एकेक अक्षर लावत वाचायला त्यांना अर्धा तास लागला. पाटीची ओळ मात्र त्यांनी तीनदा वाचली. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, ह्यांच्या तोंडून माझं नाव मी कधी ऐकलं नव्हतं. परवा तीनदा ऐकलं. वाचून झाल्यावर एवढंच म्हणाले, "बराबर लिवलं सरानं."

कौशल्याबाईला पत्र ऐकवलं. ती थोडी हिरमुसली, कारण पाटीत अर्धा वाटा मागायला तिला काही सापडेना. मग म्हणाली, "चिंच तं माह्या घरची होती." तेवढं मी तिला दिलं. तुझ्या सरांना सांग, चिंच कौशल्याबाईची होती. बापूरावांनी पुढच्या वर्षी धुऱ्याजवळच्या हरभऱ्याच्या दोन ओळी माझ्या आंबेसाठी ठेवल्या आहेत, आता अंधारात जायचं कारण नाही.

रामाजीबरोबर फडकं पाठवते. सगळं नाही, अर्धं. अर्ध्यात मला यंदाची आंब काढायची आहे, आणि आईचं सगळं देऊन टाकवत नाही. चिंचेच्या शिवणीची बाजू तुझ्याकडे येते आहे. त्यात चिंच आहे हे आपल्याला कळलं. पण हे फडकं तीस वर्षांचं आहे. आईनं त्यातून ताक गाळलं, काढे गाळले, तू जन्मलास तेव्हा तुला गुंडाळलं. अजून काय काय आहे ते तुझा कागद शोधू दे.

फक्त ते धुऊ नकोस.

तुझी
देवकामावशी